सॅलॅमँडर आणि नासपती

“तुटलेला पाय पुन्हा फुटतो?” मुलीने काचेला नाक टेकवलं.

“फुटतो. टाकीतल्या दुसऱ्याने चावून तोडला होता. आता बोटंही आली बघ,” बाबा म्हणाले. प्राणिसंग्रहालयातल्या टाक्या सांभाळणं हे त्यांचं काम. मुलगी आईकडे राहायची. त्यांच्या वाट्याला रविवार यायचा, तोही या टाक्यांपाशी.

बाईंनी दोन सजीवांची तुलना करून आणायला सांगितली होती. वहीत दोन रकाने होते. एकात अ‍ॅक्सोलॉटल जातीचा हा सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा पाण्यातला प्राणी, दुसऱ्यात आईच्या परसातली नासपती. ती बाबांनीच लावलेली. ते घर सोडून निघाले तेव्हा आई म्हणाली होती, “जाताना तुझं ते झाडही उपटून ने.”

“हा मोठा कधी होणार?”

“कधीच नाही. वय वाढतं, पण राहतो पिल्लासारखाच.”

“आई तुलाही तेच म्हणते.”

बाबा हसले. जाळी धुताना त्यांनी हळूच विचारलं, “झाडाला पाणी कोण घालतं?”

“आई. रोज.”

“रोज नको, मुळं कुजतील.” मग घाईने म्हणाले, “असू दे. तिला सांगू नकोस.”

शेवटचा मुद्दा मुलीने स्वतःच काढला होता : किती थांबावं लागतं? पायासाठी तिने दोन महिने लिहिले.

“आणि फुलाचं फळ व्हायला?”

“चार-पाच महिने. पण फूल यायला हवं ना.” बाबांनी जाळी झटकली. “लावून सात वर्षं झाली, एक कळी नाही.”

मुलीने दप्तरातून डबा काढला. आत ओल्या फडक्यात एक डहाळी होती. तिच्यावर पांढरी फुलं, पाच-पाच पाकळ्यांची. एक पाकळी फडक्याला चिकटून आली होती.

“तू तोडलीस?”

“माझा हात कुठे पोचतोय! आईने काढली, स्टुलावर चढून. मी म्हटलं, चित्रासाठी ना? तर म्हणाली, चित्र झाडाकडे बघून काढ. ही बाबाला दे.”

बाबांनी हात पँटला पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिले.

“आणखी काही म्हणाली?”

“हो. विचार म्हणाली, फळं उतरवायला शिडी लागेल का?”

बाबांनी डहाळी दोन्ही हातांत घेतली.

“लागेल,” ते म्हणाले. “आणि खालून ती धरायला एक माणूसही लागेल म्हणावं.”