भिंतीतलं बिऱ्हाड

सुताराने पहिली फळी ओढून काढली आणि तो झटकन मागे सरला.

“मालक, जरा इकडे या. हळू या. मोठ्याने बोलू नका.”

घरमालकाला बोलायला सवड होती कुठे! फळ्यांच्या या दुहेरी भिंतीने मागच्या जिन्याची वाट अडते, ती पाडा, अशी पालिकेची नोटीस होती आणि मुदत आज संपत होती. भिंत गेली की वरची खोली म्हणजे नुसता येण्याजाण्याचा रस्ता. म्हणून तिथे राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींना त्याने कालच सांगितलं होतं, उद्या संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करा. मावशींनी वाद घातला नाही. “ही भिंत गुणगुणते हो,” एवढंच म्हणाल्या. वयामुळे कान वाजत असतील, असं म्हणून त्याने तिकडे कानाडोळा केला होता.

तो वैतागून पुढे झाला, वाकला, आणि आ वासून तसाच राहिला.

आतल्या पोकळीत जमिनीपासून छतापर्यंत मधाची पोळीच पोळी लोंबत होती. काही जुनी, काळपट. काही ताजी, दुधासारखी पांढरी. त्यांवरून हजारो मधमाश्या संथ लाटेसारख्या सरकत होत्या. एकही अंगावर आली नाही. मेणाचा, मधाचा दाट वास आला. न राहवून त्याने शेजारच्या फळीला तळहात लावला. झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखी ती ऊबदार होती.

“माझ्या घरात?” तो पुटपुटला.

तेवढ्यात पाहणीला आलेले पालिकेचे इन्स्पेक्टर जिना चढून वर आले. माणूस खडूस, अशी त्यांची ख्याती. मालकाने तोंड उघडायच्या आत त्यांनी भिंतीत डोकावलं. बराच वेळ डोकावतच राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“फळी परत लावा. अलगद. मधमाश्या पाळणाऱ्यांना बोलावू, ते नीट घेऊन जातील. तोवर मुदत वाढवली.”

“म्हणजे आज पाडायची नाही?” मालकाचा विश्वास बसेना.

“अहो, भरलं बिऱ्हाड आहे हे!” इन्स्पेक्टर दबक्या आवाजात म्हणाले. “असं एका दिवसात कुणाला घराबाहेर काढतात का?”

मालक वळला. दाराशी मावशी आपलं शिलाई मशीन चादरीत बांधत होत्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि चादरीची गाठ सोडू लागला.

“मावशी, खालची माझी सामानाची खोली रिकामी करतो. तुम्ही कुठेही जायचं नाही.”