जरा डावीकडे

सकाळी साडेआठला हीटरची घरघर थांबली. क्षणभर तिला बरंच वाटलं, कानांची सुटका झाली म्हणून. मग ध्यानात आलं, वीज गेली.

खिडकीबाहेर रस्ता बर्फाखाली गडप झाला होता. पाळण्यात तिची तेवीस दिवसांची लेक, महिनाभर आधीच जगात आलेली, जेमतेम दोन किलोची. घरी सोडताना दवाखान्यातल्या नर्सने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती, हिला गार पडू देऊ नका.

दहापर्यंत खोलीतली ऊब पार निघून गेली. तिने बाळाला टोपी घातली, दोन दुलयांत गुंडाळलं, वरून स्वतःची शाल टाकली. बाळ रडत होतं तोवर तिला धीर होता. पण रडणं बारीक होत होत थांबलं, तेव्हा तिने दुलयांत हात घालून पाहिलं. तळपाय हाताला मडक्यासारखे गार लागले. थर्मामीटर लावला तर पस्तीस पूर्णांक सात अंश, हवं होतं साडेछत्तीस तरी. नवरा ट्रक घेऊन घाटापलीकडे अडकलेला. अँब्युलन्सवाले म्हणाले, रस्ता मोकळा झाल्याशिवाय आमचीही चाकं हलणार नाहीत.

हाक मारायच्या आधीच सासरे दारात येऊन उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या वसाहतीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकला होता. साडेचारशे घरांतल्या नळ्यांतून गरम पाणी होऊन त्यांच्या हातची ऊब फिरायची. त्यांचं स्वतःचं घर मात्र त्या वसाहतीत नव्हतं. त्यांच्या घरी एका खोलीत सहा माणसं, आणि रात्री फडक्यात गुंडाळलेली गरम वीट या पायांकडून त्या पायांकडे सरकवायची. हे सगळं त्यांनी जेवताना कितीदा तरी सांगितलेलं, आणि तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलेलं. आता तीच म्हणाली, गॅसवर वीट तापवू या, नाहीतर शेगडीच पेटवून खोलीत आणू.

त्यांनी मान हलवली. बंद खोलीत जाळ नको, म्हणाले. त्यांच्या पाळीतले दोघं जण तसेच निजले होते, ते उठले नाहीत. आणि वीट मोठ्या माणसांच्या पायाशी ठीक.

"विटेला कुठं थांबायचं ते कळत नाही, पोरी. एवढीशी कातडी तिची."

तिने नर्सला फोन लावला. नर्सने घाई न करता सांगितलं, बाळाचे कपडे काढा, लंगोट नि टोपी राहू द्या, आणि तिला उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या. तिने लगेच धरलं. पण बाळंतपणातल्या ऑपरेशनने ती आधीच अर्धी झालेली, त्यात हुडहुडी भरून दात वाजत होते. तिच्या थरथरीने बाळच हलत होतं. नर्सला ते फोनवरही ऐकू गेलं असावं. तिने विचारलं, घरात आणखी कोण आहे?

सासरे आहेत, ती म्हणाली आणि नजर बाळाकडे वळवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ते तिच्यासमोर कधी बिनसदऱ्याचे वावरले नव्हते.

तिने वर पाहिलं तेव्हा ते आरामखुर्चीत बसून सदऱ्याची बटणं काढत होते.

तिने मान वळवली. खिडकीकडे बघतच, अंदाजाने, बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं आणि वरून दोन्ही दुलया ओढल्या. ते म्हणाले, आता तू गरम पाणी पी आणि पांघरूण घेऊन गप्प बस. एवढंच. मग ते हललेही नाहीत. नळ गळतो म्हणून, दार आपटतं म्हणून दिवसभर कुरकुरणारा हा माणूस, आणि आता नाकावर बसलेली माशीसुद्धा त्यांनी हाकलली नसती. श्वास लांब, संथ, एका मापाचा. भट्टीसमोर चाळीस वर्षं ते असेच बसले असतील, तिला वाटलं, आच कमी नाही, जास्त नाही. दुलईचा उंचवटा त्या श्वासाबरोबर वर जायचा, खाली यायचा. हळूहळू तिचाही श्वास त्याच चालीवर पडला आणि दात वाजायचे थांबले.

तासाभराने बाळाच्या काखेत थर्मामीटर लावायला तिने दुलई बाजूला केली. छत्तीस पूर्णांक चार. नर्सला कळवलं. ती म्हणाली, धोका टळला, पण अजून तासभर तसंच राहू द्या.

दुलई पुन्हा ओढताना तिची नजर पडली. सासऱ्यांच्या छातीची उजवी बाजू खांद्यापासून फासळ्यांपर्यंत भाजलेली होती. जुनी, सुरकुतलेली, मेणासारखी चकचकीत कातडी. बाळाचा गाल, पोट, मुठी, सगळं त्या कातडीवर होतं.

"बाबा, दुखतंय का?"

"नाही गं. बॉयलरचं दार अचानक उघडलं होतं एकदा, तेव्हाचं आहे. तिथं मला काहीच कळत नाही." ते जरा थांबले, आणि काहीतरी मोठं मागत असल्यासारखे ओशाळून म्हणाले, "तासभर नुसतं वजन लागतंय. जरा डावीकडे सरकवतेस का हिला?"

तिने दोन्ही हातांनी बाळाला अलगद उचललं आणि डावीकडे ठेवलं. गाल धड कातडीला टेकला. बाळाने बोटं उघडली, पुन्हा मिटली.

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"गरम आहे गं ही," ते म्हणाले.