एकाच वचनात दोनदा

"सही करा आणि सुटा एकदाच्या," अध्यक्ष म्हणाले. "चार वाजता पान छापखान्यात जायचंय."

बायबलच्या भाषांतर मंडळाच्या चार सह्या झाल्या होत्या. पाचवी तिची. तिने अजून पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. एक डोळा पानावर, दुसरा खिडकीखाली बसलेल्या लेकीवर. शाळेला सुट्टी, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून बिट्टीला कामावर आणलेलं. सात वर्षांची, जन्मापासून न दिसणारी ती पोर निवांत ठोकळे रचत होती. जीव टांगणीला लागलेला आईचाच.

"एक शब्द चुकलाय, सर."

"कुठला?"

"हिब्रूतला 'गशश'. आपण लिहिलंय, 'आम्ही आंधळ्यांसारखे भिंतीशी धडपडतो.' मूळ शब्दात धडपड नाहीये. हात लावत, अंदाज घेत जाणं आहे."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षं हिब्रू शिकवलेला माणूस. "अहो, अख्ख्या शास्त्रात हा शब्द दोनदाच येतो, तोही एकाच वचनात. ताडून बघायला तिसरी जागा नाही. अशा वेळी संदर्भ धरायचा. संदेष्टा आक्रोश करतोय, लोकांची वाट हरवलीय. धडपडणारच की ते!"

"अडखळण्याचा शब्द पुढे वेगळा आहे. तिथे ते भरदुपारी अडखळतायत. इथे नुसता हात आहे आणि भिंत आहे."

"तुम्ही आई म्हणून बोलताय."

"हो, बोलतेय." टोपण न काढलेलं पेन तिने बाजूला सारलं. "उद्या हे तिच्या वर्गात वाचतील आणि सगळी पोरं वळून तिच्याकडे बघतील. माझ्या सहीने नाही व्हायचं ते."

"मग दुसरी सही शोधावी लागेल. आणि दुसरी भाषांतरकारही."

"शोधा."

प्रुफं तपासणाऱ्या काकूंनी पेन्सिल कानामागे खोचली. "सर, आपला एक नियम आहे ना? पान बाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचं आणि त्याने आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा. नेहमी ऐकणारे आपले माळीबुवा तापाने आडवे झालेत, म्हणून हे पान तसंच पुढे सरकवलंत. ही बसलीये की आयती."

अध्यक्षांना गंमत वाटली. त्यांनी भरल्या सभेत वाचावी तशी ओळ वाचली. "सांग बेटा, काय कळलं?"

"ते लोक सारखे पडतात."

"शाब्बास! कोणासारखे?"

"आंधळ्यांसारखे." बिट्टीच्या हातातला ठोकळा हातातच राहिला. "म्हणजे माझ्यासारखे? मी कुठे पडते?"

काकूंनी मान खाली घातली. अध्यक्ष खाकरले. "तुझं नाही गं म्हणत कोणी. ही बोलायची रीत असते. डोळे मिटले की कोणीही धडपडतो. अगदी मीसुद्धा."

"मिटा मग," आई म्हणाली. "दारापर्यंत जाऊन दाखवा."

"आता हा काय पोरखेळ!"

"मिटा ना सर," काकू म्हणाल्या. "ती पडते, असं तिच्या तोंडावर सांगितलंत. आता आपली चाल दाखवा."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे करून ते खोलीच्या मधोमध निघाले. हवेत हात फिरवत चार पावलं गेले आणि खुर्चीवर आदळले. खुर्ची आडवी झाली, तिच्यावरचा कागदांचा गठ्ठा जमिनीवर पसरला.

"बघा!" मिटल्या डोळ्यांनीच गुडघा चोळत ते जवळजवळ आनंदाने ओरडले. "धडपडलो की नाही? हाच शब्द!"

बिट्टी उठली. तळवा भिंतीला लावून चालू लागली. मध्ये लोखंडी कपाटाचा कोपरा पुढे आलेला होता. आई अर्धी उठली. 'जपून' हा शब्द ओठांवर आला होता, तो तिने दातांखाली दाबला आणि ती परत खाली बसली. दोन्ही हातांनी तिने खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

पोरीची बोटं कपाटापाशी थांबली. कोपरा वरून खाली पाहून घेतला त्यांनी, आणि वळसा घालून पुढे गेली. दाराची कडी वाजली.

अध्यक्षांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पापण्या हलल्या.

"डोळे उघडायचे नाहीत, सर," आई म्हणाली.

ते तसेच उभे राहिले, पसरलेल्या कागदांत, दोन्ही हात रिकाम्या हवेत धरून.

"आजोबा, मधून कशाला चालताय?" दारातून बिट्टीने हाक मारली. "तिथे धरायला काहीच नाहीये. भिंतीकडे या."