मंगळवारचा पेशंट

“सिस्टर, मी बरा होईन ना?” पोटाशी उशी धरून कुरियाकोस सरांनी इंग्रजीत विचारलं. आवाज इतका खोल काढला की पायरीवर फणस सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोला, त्रेस्याम्माला, हसू आलं.

“होणारच, अप्पच्चा. रविवारी घरी जाल,” आजोबांना समजवावं तशी शिजीही इंग्रजीतच म्हणाली.

सरांनी उशी बाजूला ठेवली. “गेलं तुझं आयर्लंड.”

कोट्टायमच्या त्या ओसरीवर सर परदेशी निघालेल्या नर्सना परीक्षेसाठी तयार करत. परीक्षेत समोरचा पेशंट होऊन बसतो आणि उद्याचं विचारतो. उद्याची हमी नर्सने द्यायची नाही. ‘कदाचित’, ‘बहुतेक’, ‘शक्यता आहे’ असं बोलायला इंग्रजीत शब्द पैशाला पासरी. शिजीला ते सगळे पाठ होते, पण समोर कोणी कण्हायला लागलं की जीभ वळायची नाही. बारा वर्षांत वॉर्डातल्या एकाही पेशंटला तिने ‘कदाचित’ म्हटलं नव्हतं. त्यापायी दोनदा ती परीक्षेत नापास झाली होती. तिसरी शनिवारी होती, आणि ही गेली की नोकरीचं पत्रही रद्द. नवऱ्याने तर गुडघ्याला बाशिंग बांधून लोकरीच्या टोप्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या.

“आपल्याकडे खोटं खपतं, तिकडे नाही खपत,” सर म्हणाले.

“खोटं कुठलं, सर? धीर असतो तो.”

“धीराला मार्क नाहीत, पोरी. चल, दुसरा पेशंट.”

या वेळी त्यांनी उशी घेतली नाही. “एक डोळा लहानपणीच गेला. दुसऱ्याचं मंगळवारी ऑपरेशन आहे. सिस्टर, मला पुन्हा वाचता येईल?”

त्रेस्याम्माचे हात थांबले. हा पेशंट सोंगातला नव्हता. ऑपरेशन सरांचंच होतं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, फक्त सर घरात त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

शिजीला भरून आलं. पण शनिवार आठवून ती ताठ बसली. “बहुतेकांना दिसू लागतं. तुमच्या बाबतीत आज खात्री देता येणार नाही. कदाचित वेळ लागेल. डॉक्टर तपासून सांगतील.” इंग्रजी बिनचूक होतं.

“पैकीच्या पैकी. शनिवारी असंच बोललीस की झालीसच पास,” सर म्हणाले. पण चेहरा पार उतरला होता. चष्मा काढून ते नेसलेल्या मुंडूच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

“आता मल्याळममध्ये सांग,” ते हळूच म्हणाले.

शिजी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “दिसणार म्हणजे दिसणार, सर. बुधवारी पट्टी निघेल, गुरुवारी पेपर वाचाल, आणि शुक्रवारपासून त्रेस्याम्मा चेचीच्या सांबारात डाळ किती ते मोजून भांडाल.”

“भांडू देत एकदाचे,” त्रेस्याम्मा म्हणाली आणि चिकाचे हात लांब धरून कोपरानेच डोळे पुसले.

“साफ नापास,” सर म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढून नीट बसले. “परत सांग.”