ओढ्यापर्यंत चर

खालच्या रानातली हळद उपटून बाळगोंडाकाकांनी कंद दाबला, तर तो बोटांत पिचला. बांधावरून बघणाऱ्या राजमतीला पुढं पाऊल टाकवेना. पाऊस हल्ली एकदमच कोसळतो, म्हणून यंदा तिनं सोयाबीन उंच वाफ्यांवर पेरलं आणि चर काढून साचलेलं पाणी बाहेर सोडलं. तिचं पीक तरारलं. पाणी मात्र काकांच्या रानात तुंबलं.

"काका, हळद माझ्या चरामुळं कुजली," ती कशीबशी म्हणाली.

"ठाऊक हाय. तू कधी सांगतीस, तेच बघत हुतो."

ती बांधावरून त्यांच्या रानात उतरली.

"चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर माझ्याच रानातनं जाणार. चल, कुठनं न्यायचा ते दाव."

राजमतीचा हात उठेना. शेवटी पहिली कुदळ काकांनीच मारली.