साबण न लावलेली काच

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" सरांनी काच सूक्ष्मदर्शकाखालून ओढून काढली.

"कुणीच नाही," साबणबाई म्हणाली. "म्हणून तर करावं लागलं."

प्रयोगशाळेत तिला सगळे साबणबाईच म्हणायचे. पेशीच्या पापुद्र्याला साबणाच्या पाण्यानं बारीक भोकं पाडली, तरच रंग आत शिरतो आणि आतलं दिसतं. नाहीतर फक्त बाहेरचं. या साबणावरून ती कुणाशीही भांडायची. तीन आठवड्यांपूर्वी वरच्या वॉर्डातल्या फुप्फुसांच्या आजारानं दाखल झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नाकातल्या पेशी आल्या, तेव्हा सरांशीही भांडली होती. पण सरांना परिषदेला जायची घाई. त्यांनी साबण न लावलेली काच पाहिली, पापुद्र्यावर काही दिसलं नाही, आणि अहवालात ठोकून दिलं: फुप्फुसांना लागणारं प्रथिन तयारच होत नाही. म्हणजे या आजारावरच्या नव्या गोळीचा उपयोग नाही. मुलीचं नाव औषधाच्या यादीतून बाद.

आज बाईनं उरलेल्या पेशींना साबण लावला. प्रथिन होतं की! ढीगभर होतं. पेशीच्या पोटातच हिरवंगार साचून बसलं होतं. बनत होतं बिचारं. फक्त पापुद्र्यापर्यंत त्याची वाहतूक होत नव्हती. आणि ती गोळी नेमकं तेच काम करायची, आत अडकलेल्याला बाहेर पोचवायचं. यादी आज पाचला बंद होणार होती.

"अहवाल बदला, सर."

"आणि वर काय सांगू? मला घाई होती म्हणून?" सर खुर्चीत रेलले. "असं करा. काचेला साबण लावायचा राहून गेला, चूक तंत्रज्ञाची, एवढं लिहून द्या. लगेच सही करतो."

"माझी चूक?"

"साबणबाई साबण विसरली! हसतील लोक चार दिवस. नाहीतर राहू द्या, पुढच्या वर्षी यादी निघेलच की."

पुढच्या वर्षी! पोरीला जिना चढताना दोनदा बसावं लागत होतं. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत एकदासुद्धा साबण राहिला नव्हता. भिंतीवर सव्वाचार झाले होते. तिनं पेन उचललं आणि नव्या अहवालाखाली सर म्हणाले ते शब्दन् शब्द लिहिलं.

"लाज कोळून प्यायलात तुम्ही," कागद त्यांच्यापुढे आपटत ती म्हणाली. "करा आता सही."

त्यांनी केली. वर जरा हसलेही.

नवा अहवाल आणि यादीसाठीचा अर्ज घेऊन ती धापा टाकत वॉर्डात पोचली. मुलीच्या आईनं अहवाल दारातच उभ्या उभ्या वाचला. आधी तिचे डोळे भरून आले. मग नजर शेवटच्या ओळीवर गेली.

"साबण लावायचा राहिला?" तिचा आवाज चढला. वॉर्डातले सगळे वळून पाहू लागले. "तीन आठवडे माझी पोर रात्रंदिवस खोकतेय, आणि तुम्ही साबण विसरलात? कोण ही तंत्रज्ञ?"

"मीच."

"हात झडोत तुमचे!"

बाईनं हात मागे घेतले नाहीत. अर्ज तसाच पुढे धरून ठेवला.

"शिव्या नंतर द्या," ती म्हणाली. "आधी इथे सही करा आणि खाली पळा. अर्जाची खिडकी पाचला बंद होते."