एकशेवीसच्या आसपास

"पापा, आजी तो एकदम परफेक्ट है," क्षितिजा वही पुढे सरकवत म्हणाली.

अकरावीच्या वर्गाला घरच्या घरी तीस आकडे जमवून त्यांचं प्रमाण विचलन काढायचं होतं. म्हणजे आकडे सरासरीपासून किती भरकटतात ते. सुबोधने तिला आपला फोनच दिला. कराडहून त्याचे वडील, नाना, रोज सकाळी आईची उपाशीपोटीची साखर मोजून कळवत. आयते आकडे. लखनौच्या थंडीत, रविवारी, आणखी कुठे शोधत हिंडायचं?

त्याने उत्तर पाहिलं. सरासरी एकशेवीस. विचरण एक पूर्णांक चव्वेचाळीस, त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, जेमतेम एक पूर्णांक दोन. गणित चोख होतं. शाबासकी द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा आकड्यांकडे पाहिलं.

गेल्याच आठवड्यात आपल्या संशोधन संस्थेत त्याने एका विद्यार्थिनीच्या अख्ख्या तक्त्यावर काट मारली होती. तिचे आकडे नको इतके शहाणे होते. जिवंत शरीर असं वागत नाही, झोप झाली नाही तरी साखर हलते, काळजी लागली तरी हलते, हे त्याने तिला चांगलं तासभर ऐकवलं होतं.

तो फोनमध्ये मागे मागे गेला. ऑक्टोबरात एकशे दहा, दोनशे चार, एकशे सत्तर. नोव्हेंबरच्या चार तारखेपासून मात्र आईची साखर अगदी शिस्तीत. दुसऱ्यांचे बनावट आकडे पकडणाऱ्या माणसाला तीन महिने हे दिसलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

त्याने कराडला फोन लावला. नानांनी आधी आढेवेढे घेतले. मग सांगून टाकलं, की तेव्हापासून ती बोटाला सुई लावू देत नाही. गोळ्याही सोडल्यात. आता पुरे, म्हणते. भिंतीकडे तोंड करून पडून असते.

"मग आकडे का पाठवत होतात, नाना?"

"आकडा वाढला की तू फोन करून तिला रागवायचास. एकशेवीसच्या आसपास असला की नुसता अंगठा पाठवायचास. म्हटलं, निदान बोलणी तरी नकोत तिला. चार तारखेनंतर तुझा फोन आज आला."

मी निघतो, उद्याच निघतो, असं काहीतरी तो म्हणाला. नानांनी बरं म्हणून फोन ठेवला.

क्षितिजा पेन्सिल घेऊन बसलीच होती. आजीचे आकडे नको असतील तर दुसरे कुठले आहेत का, असं ती विचारत होती.

होते. नानांच्या प्रत्येक आकड्याखाली सुबोधचं उत्तर होतं. नव्वद दिवस, नव्वद अंगठे. त्यांचं प्रमाण विचलन काढायला वही लागणार नव्हती. ते शून्य होतं.